रस्ता एक, वेग अनेक



पूर्वी आपल्या गावच्या रस्त्याला एकच वेग होता. तो बैलाच्या पावलाचा. पायी चालणारा माणूस आणि बैलगाडी यांच्या चालीत फारसा फरक नसे. गाडीच्या मागून बोलत बोलत माणसे बाजाराला जात. कोणी कोणाला धडकले, तर फार तर डोक्यावरची टोपी पडे.

आज तसे राहिले नाही. डांबरी सडक झाली. त्या एकाच सडकेवर बैलगाडी चालते, सायकल चालते, उसाचा ट्रॅक्टर चालतो, फटफटी धावते, एस.टी. धावते आणि मोटारही धावते. बैल तासाला ४ किलोमीटर चालतो. मोटार तासाला ८० किलोमीटर पळते. म्हणजे बैलाच्या वीसपट. रस्ता एक, पण वेग अनेक. घोटाळा सुरू होतो तो इथून.

हा घोटाळा लहान नाही. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली. दिवसाला ४६० हून अधिक माणसे झाली ही. रोज सकाळी उठावे आणि एक लहानशी वाडी उठून गेलेली पाहावी, तसा हा प्रकार.

हे कसे टाळावे, ते या पाठात पाहू. सुरुवात माझ्याच गोष्टीने करतो. त्यात माझी चूकही आहे. ती लपवीत नाही.

१. एका संध्याकाळची गोष्ट

जानेवारी महिना होता. उसाचे गळीत जोरात चालले होते. मी पेन्शनच्या कामाला तालुक्याच्या गावी गेलो होतो. काम आटोपून निघेपर्यंत दिवस मावळला. स्टँडवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला.

"गुर्जी, बसा माझ्या मागं. घरापर्यंत सोडतो," तो म्हणाला. मी त्याच्या फटफटीवर बसलो.

मुलगा बेताने चालवीत होता. घाई होती ती मला. त्या दिवशी आमच्या घरी भजन होते. मंडळी येऊन बसली असतील, असे सारखे वाटत होते. मी म्हणालो, "अरे, रस्ता मोकळा आहे. जरा हात मोकळा कर की!"

गुरुजींचे सांगणे. त्याने वेग वाढवला. काटा साठावर गेला.

ओढ्याच्या पुलाजवळ समोरून एक जीप आली. तिचा उजेड सरळ डोळ्यांत शिरला. जीप निघून गेली आणि पुढे सगळा काळोख झाला. त्या काळोखातून एकदम उसाचा ढीग समोर आला. ती बैलगाडी होती. आमच्याच दिशेने चालली होती. मागे कंदील नाही, पट्टी नाही, काही नाही. मुलाने ब्रेक दाबला. पण वेळ निघून गेली होती.

मी उडून शेतात पडलो. खांदा दुखावला. मुलाचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. आवाजाने बैल बुजले. गाडी साइडपट्टीवरून घसरून चारीत गेली. डावा बैल जुवाखाली सापडला.

गाडीवान बीडकडचा ऊसतोड कामगार. गाडीवर नवरा, बायको आणि लहान मूल. नशिबाने ती तिघे वाचली. पण बैलाचा पाय मोडला तो मोडलाच. मुकादमाकडून उचल घेऊन ती जोडी घेतलेली. हंगाम निम्म्यावर आलेला. उचल फिटायची होती आणि एका बैलावर गाडी चालत नाही. ती बाई बैलाच्या मानेवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला बसून राहिली. रडली नाही आणि बोलली नाही.

मी संतापून गाडीवानाला विचारले, "मागं दिवा का लावला नाहीस रे?"

तो हात जोडून म्हणाला, "गुर्जी, तुमच्या फटफटीचा उजेड माज्या पुढं पडला, तवाच मला समजलं. मला वाटलं, मला तुमी दिसताय, म्हंजी तुमालाबी मी दिसत असंल."

वाचकहो, हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. आपला सगळा पाठ या एका वाक्यात आहे.

माझा विद्यार्थी चार महिने खाटेवर होता. आज तो चालतो, पण लंगडत चालतो. वाटेत भेटला की अजून माझ्या पाया पडायला वाकतो. वाकताना त्याला त्रास होतो. मला तो दिसतो. "हात मोकळा कर" असे म्हणणारा मीच होतो.

२. आपल्याला दिसते, म्हणजे आपण दिसतो असे नाही

ज्याच्याजवळ दिवा आहे, तो सगळ्यांना दिसतो. ज्याच्याजवळ दिवा नाही, तो कोणालाच दिसत नाही. पण बिनदिव्याच्या माणसाला हे कळत नाही. त्याला समोरचा उजेड लख्ख दिसतो. म्हणून त्याला वाटते, आपणही दिसत असू. गाडीवान फसला तो असा. आपणही रोज असेच फसतो.

हे मंडळींना पटावे म्हणून मी एक प्रयोग केला. खांदा बरा झाल्यावर एका अमावास्येच्या रात्री गावातल्या दहा-पंधरा जणांना सडकेवर नेले. एक फटफटी उभी केली आणि तिचा दिवा खाली पाडला. मग तीन माणसे दूरवर पाठवली. एकाच्या अंगावर काळी घोंगडी. दुसऱ्याच्या अंगावर पांढरा सदरा आणि धोतर. तिसऱ्याच्या हातात फळी, आणि फळीवर चमकणारी पट्टी. या पट्टीला रिफ्लेक्टर म्हणतात. तिघे एकामागून एक फटफटीकडे चालत आले. कोण केव्हा दिसतो, ते पाहिले आणि पावले मोजली.

काळी घोंगडीवाला दिसला, तेव्हा तो ३० पावलांवर आला होता.
पांढऱ्या कपड्यांचा माणूस दिसला ७० पावलांवर.
चमकणारी पट्टी दिसली २०० पावलांवरून.

एक म्हातारे आबा म्हणाले, "आरं तिच्या, माणूस दिसंना आन् पट्टी दिसतीया!"

पट्टी इतकी का चमकते? तिच्यात काही दिवा नसतो. तेलही लागत नाही आणि वीजही लागत नाही. तिच्या पृष्ठभागात काचेचे बारीक मणी किंवा बारीक कोन बसवलेले असतात. ज्या दिशेने उजेड येतो, त्याच दिशेला ते तो परत पाठवतात. साधा आरसा उजेड भलतीकडे फेकतो. ही पट्टी मात्र मोटारीचा उजेड मोटारवाल्याच्याच डोळ्यांकडे परत करते. म्हणून त्याला ती पेटल्यासारखी दिसते. तुम्ही बाजूला उभे राहून पाहाल, तर ती मंदच दिसेल. पट्टी लावणाऱ्याला तिची किंमत कळत नाही, ती यासाठीच. ती आपल्यासाठी नसते. मागून येणाऱ्यासाठी असते.

३. थोडेसे गणित

आता वेगाचे पाहू. हे गणित चौथीच्या मुलाला जमेल असे आहे.

ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी थांबत नाही. आधी डोळ्याला दिसावे लागते. मग मनाला कळावे लागते. मग हातापायाने ब्रेक दाबावा लागतो. यात निदान एक सेकंद जातो. "एकशे एक" असे सावकाश म्हणायला लागतो, तेवढा वेळ. त्या वेळात गाडी पहिल्याच वेगाने पळत असते. ब्रेक दाबल्यावरही ती काही अंतर सरकते. दोन्ही अंतरे मिळून गाडी थांबते.

रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले असतील, तर अदमासे हिशोब असा:

ताशी ४० किलोमीटर वेग: आधी ११ मीटर, नंतर १० मीटर. एकूण २१ मीटर, म्हणजे २८ पावले.
ताशी ६० किलोमीटर वेग: आधी १७ मीटर, नंतर २२ मीटर. एकूण ३९ मीटर, म्हणजे ५२ पावले.
ताशी ८० किलोमीटर वेग: आधी २२ मीटर, नंतर ३९ मीटर. एकूण ६१ मीटर, म्हणजे ८१ पावले.

(पाऊण मीटरचे एक पाऊल धरले आहे.)

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? वेग ४० चा ८० झाला, म्हणजे दुप्पट झाला. पण ब्रेकनंतरचे अंतर दुप्पट झाले नाही. ते १० चे ३९ मीटर झाले. जवळजवळ चौपट. रस्ता ओला असेल, पाचट पडलेले असेल, खडी असेल, तर ते याहूनही वाढते.

आता दोन्ही हिशोब शेजारी ठेवा. बिनदिव्याची गाडी ३० पावलांवर दिसते. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्याला थांबायला ५२ पावले लागतात. मग टक्कर होणार नाही तर काय? आमच्या मुलाचे दोन्ही हात ब्रेकवर होते. तो निष्णात होता. तरी काही उपयोग झाला नाही. वेग ४० असता, तर २८ पावलांत तो जेमतेम थांबला असता. आणि गाडीला पट्टी असती, तर २०० पावलांवरूनच त्याला ती कळली असती. मग साठाच्या वेगातही तो आरामात थांबला असता.

म्हणजे दोष एकाचा नव्हता. गाडीवानाने पट्टी लावली नाही. आम्ही वेग आवरला नाही. दोघांपैकी एकाने जरी आपले काम केले असते, तरी मुलाचा पाय आणि बैलाचा पाय, दोन्ही वाचले असते. मात्र दुसरा आपले काम करील, या भरवशावर कोणी राहू नये. दोघांनीही आपापले काम करावे.

४. अमेरिकेतल्या लहान गाड्या

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा आहे, असे समजू नका. श्रीमंत देशांतही तो आहे. एक गंमतीचे उदाहरण सांगतो.

अमेरिकेत जॉर्जिया नावाचे राज्य आहे. तिथे अटलांटा या मोठ्या शहराच्या दक्षिणेला पीचट्री सिटी नावाचे गाव आहे. १९५९ साली ते रीतसर गाव म्हणून स्थापन झाले. या गावातले लोक बाजाराला, शाळेला, शेजाऱ्याकडे एका लहानशा गाडीतून जातात. तिला गोल्फ गाडी म्हणतात. गोल्फ हा काठीने चेंडू मारायचा खेळ आहे. त्याचे मैदान फार मोठे, चालून माणूस दमावा एवढे. म्हणून खेळाडूंना फिरायला ही गाडी निघाली. वर छप्पर, चार लहान चाके, दारे नाहीत. ताशी २०-२५ किलोमीटर चालते. पुढे लोकांना ती इतकी आवडली की, मैदान सोडून ती रस्त्यावर आली.

रस्त्यावर आली, आणि आपल्या बैलगाडीचे जे होते, तेच तिचे झाले. मागून मोठमोठ्या मोटारी भरधाव येतात. मध्ये ही बिचारी हळू चालणारी. दार नसल्यामुळे वळणावर लहान मुले बाहेर पडतात. धक्का बसला तर माणसाला आडोसा नाही.

मग तिथल्या लोकांनी काय केले? तीन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट. जमेल तिथे वाट वेगळी केली. पीचट्री सिटीत या गाड्यांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी १६० किलोमीटरहून अधिक लांबीच्या वेगळ्या वाटा आहेत. मोठा रस्ता आडवा आला, तर कुठे वरून पूल, कुठे खालून बोगदा. अशा ठिकाणी लहान गाडीची आणि मोटारीची गाठच पडत नाही.

दुसरी गोष्ट. वाट वेगळी होत नाही, तिथे नियम केले. ताशी ३२ ते ४० किलोमीटर पळू शकणाऱ्या लहान गाड्यांसाठी अमेरिकेच्या सरकारने १९९८ साली नियम काढला. अशा गाडीला पुढचे दिवे, मागचा दिवा, ब्रेकचा दिवा, वळण्याचा दिवा, रिफ्लेक्टर, आरसे, पुढची काच आणि बसणाऱ्यांना पट्टे असलेच पाहिजेत. फ्लोरिडा राज्यात तर अशी गाडी वाटेल त्या रस्त्यावर नेता येत नाही. ज्या रस्त्याची वेगमर्यादा ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून कमी आहे, त्याच रस्त्यावर नेता येते. कारण उघड आहे. दोघांच्या वेगात जितका फरक कमी, तितका धोका कमी.

तिसरी गोष्ट पोरांची. फ्लोरिडात पूर्वी चौदा वर्षांचा मुलगाही साधी गोल्फ गाडी रस्त्यावर चालवू शके. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तिथे अठरा वर्षांखालच्या मुलाला शिकाऊ किंवा पक्के लायसन लागते. गाडी लहान असली, तरी रस्ता लहान नसतो, हे त्यांना कळून चुकले.

आणखी एक युक्ती सांगतो. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ओहायो राज्याच्या विद्यापीठात एक खूण तयार झाली. पत्र्याचा एक त्रिकोण. मध्ये भडक नारिंगी रंग, कडेला चमकणारी तांबडी पट्टी. दिवसा नारिंगी रंग डोळ्यांत भरतो. रात्री तांबडी कड चमकते. ताशी ४० किलोमीटरपेक्षा हळू चालणाऱ्या वाहनामागे हा त्रिकोण लावतात. ट्रॅक्टरला लावतात, घोडागाडीलाही लावतात. त्रिकोण दिसला की मोटारवाला समजतो, पुढे हळू चालणारे वाहन आहे, पाय आवरला पाहिजे. अक्षर वाचायला नको. खूण पुरे.

आपल्याकडेही पहिली युक्ती एके ठिकाणी वापरली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बैलगाडी, ट्रॅक्टर आणि फटफटी यांना बंदी आहे. वेग वेगळा, म्हणून रस्ता वेगळा. पण गावोगाव असा मार्ग होणे नाही. आपल्याला एकाच सडकेवर नांदायचे आहे. एका घरात चार भावांनी नांदावे, तसे.

५. कोणी काय करावे

बैलगाडीवाल्याने

गाडीच्या मागे तांबडी, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी पट्टी लावावी. हे रंग ठरलेले आहेत. तांबडे दिसले की गाडीची पाठ आहे, पांढरे दिसले की तोंड आहे, हे समोरच्याला लांबून कळते. पुढची पट्टी जुवाला लावावी.

पट्टी लावली म्हणजे झाले, असे नाही बरे का! गाडीच्या मागच्या फळीला पट्टी असते, पण ऊस भरला की मागे लोंबतो आणि पट्टी झाकून जाते. रिकाम्या गाडीची पट्टी दिसते आणि भरलेल्या गाडीची दिसत नाही. म्हणून एका जाड कापडाला किंवा रिकाम्या पोत्याला दोन पट्ट्या शिवाव्या. गाडी भरून झाली की ते पोते उसाच्या मागच्या टोकाला बांधावे. पट्टीवर धूळ बसते. रोज ओल्या फडक्याने पुसावी. धुळीची पट्टी आणि विझलेला कंदील सारखाच.

रात्री गाडीवर झोपू नये. बैल वाट ओळखतात, हे खरे. पण बैलाला मोटारीचा वेग ओळखता येत नाही. गाडी डाव्या कडेने हाकावी. दोन गाड्या शेजारी शेजारी घेऊन गप्पा मारू नयेत.

ट्रॅक्टरवाल्याने

ट्रॅक्टरला दोन्ही पुढचे दिवे हवेत. एकच दिवा जळत असला, की समोरच्याला ती फटफटी वाटते. तो जवळून जायला बघतो आणि ट्रॉलीवर आदळतो. ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा रुंद असते, हे अंधारात कळत नाही. म्हणून ट्रॉलीच्या दोन्ही पुढच्या कोपऱ्यांना पांढरी पट्टी लावावी. दोन ट्रॉल्या असतील, तर मागच्या ट्रॉलीच्या पाठीला तांबडी पट्टी आणि तांबडा दिवा हवाच.

ट्रॉली बिघडली की आपण चाकामागे आणि रस्त्यावर मोठे दगड मांडतो. दुरुस्ती झाली की दगड तिथेच टाकून निघून जातो. त्या दगडांवर पहाटे दूध घालणारा पोरगा पडतो. ही आपलीच करणी. दगड उचलून कडेला टाकायला किती वेळ लागतो?

गाणी मोठ्याने लावू नका. मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

पोराच्या हाती ट्रॅक्टर देऊ नका. "पोरगं झकास चालवतं," असे बाप कौतुकाने सांगतो. चालवता येणे वेगळे आणि प्रसंग ओळखणे वेगळे. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर कायदा पालकाला किंवा मालकाला धरतो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे.

फटफटीवाल्याने आणि मोटारवाल्याने

रात्री एकच नियम पाळा. आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. त्याहून जास्त वेग म्हणजे डोळे मिटून पळणे.

समोरून वाहन आले, तर आपला दिवा खाली पाडावा. त्याचा उजेड डोळ्यांवर आला, तर वेग कमी करावा. उजेड गेल्यावर डोळे लगेच सावरत नाहीत. आम्ही फसलो, ते याच क्षणी.

गळिताच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीपासून पाडव्यापर्यंत, प्रत्येक वळणापलीकडे उसाची गाडी आहे असे धरून चालावे. बैलाजवळ कर्कश हॉर्न वाजवू नये. बैल बुजतो. पुढे जायची जागा नसेल, तर दोन मिनिटे मागे थांबावे. डोक्यावर हेल्मेट असावे. हे पोलिसासाठी नाही, डोक्यासाठी आहे.

आईबापांनी

चालत्या ट्रॉलीमागे धावून ऊस ओढायची पोरांना हौस असते. एक ऊस सुटतो आणि पोरगे तोल जाऊन चाकाजवळ पडते. पोरांना याबाबत धाक घालावा. ऊस हवाच असेल, तर आपण गाडीवानाकडे मागून घ्यावा. तो नाही म्हणत नाही.

गावाने

साइडपट्टी खचली की बैलगाडी कडेने चालू शकत नाही, मधोमध येते. वळणावर बाभळी वाढल्या की पलीकडचे दिसत नाही. गतिरोधकाचा रंग गेला की तोच अपघात करतो. ही कामे ग्रामसभेत मांडा. ठराव लिहून घ्या. तुम्हाला आता वाचता येते. ठराव बरोबर लिहिला की नाही, ते स्वतः वाचून पाहा आणि मगच सही करा.

जुन्या गाडीवाटा अतिक्रमणात गेल्या असतील, तर त्या मोकळ्या करा. कारखान्यापर्यंत नाही, तरी निदान शेतापासून सडकेपर्यंत बैलांना वेगळी वाट मिळेल.

६. अपघात झालाच तर

काळजी घेऊनही कधी अपघात होतो. अशा वेळी पळून जाऊ नका आणि नुसती गर्दीही करू नका. १०८ या क्रमांकावर फोन करा. सरकारी रुग्णवाहिका येते. पैसे पडत नाहीत. पोलिसांसाठी ११२ क्रमांक आहे. गावाचे नाव आणि जवळची खूण नीट सांगा. मैलाचा दगड दिसत असेल, तर त्यावरचा आकडा वाचून सांगा.

मागून येणाऱ्या गाड्यांना आधी थांबवा. नाही तर एका अपघातावर दुसरा होतो. जखमी माणसाला उगीच ओढू-उचलू नका. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा.

"पोलीस आपल्यालाच धरतील," या भीतीने बरेच लोक मदत करीत नाहीत. ही भीती सोडा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात नवे कलम आले आहे. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही. त्याने आपले नाव सांगावे, अशी सक्तीही करता येत नाही.

त्या रात्री आम्हाला कोणी उचलले, ठाऊक आहे? मागून आलेल्या दुसऱ्या एका बैलगाडीवाल्याने. त्याने आपला ऊस रस्त्याकडेला उतरवला आणि माझ्या विद्यार्थ्याला गाडीत निजवून पुढच्या फाट्यापर्यंत आणले. तिथे आम्हाला जीप मिळाली. त्याची खेप बुडाली. त्याचे नावही मी विचारले नाही. ही माझी दुसरी चूक.

७. शेवटची गोष्ट

अमावास्येच्या त्या प्रयोगानंतर आम्ही पारावर बसलो. एकजण म्हणाला, "गुर्जी, हे समदं खरं. पण पट्टीला पैसं कोण देणार? गाड्या तर बाहेरगावच्या."

सगळे गप्प झाले. मग ते म्हातारे आबाच म्हणाले, "गाड्या बाहेरगावच्या आसतील. पण आदळनारी पोरं आपलीच हायती न्हवं?"

त्यावर कोणाला बोलता येईना. दुसऱ्या वर्षी दसऱ्याला गावाने वर्गणी काढली. बचत गटातल्या बायकांनी पोत्यांवर पट्ट्या शिवल्या. गावाच्या शिवेवर टोळ्या उतरल्या, तेव्हा प्रत्येक गाडीला एक पोते दिले. बरेच कारखानेही हंगामाच्या सुरुवातीला पट्ट्या लावतात. आमचे पोते त्याला जोड.

माझ्या विद्यार्थ्याने त्या वर्गणीत सर्वांत आधी पैसे दिले. तो म्हणाला, "गुर्जी, त्या गाडीवानाचा बैल मी आणून देऊ शकत न्हाई. पण दुसऱ्याचा वाचला तर बघू."

आता रात्री पुलाजवळ उभे राहिले, की लांबून तांबड्या ठिपक्यांची रांग हलताना दिसते. त्या उसाच्या गाड्या असतात. मोटार मागून येते, आपसूक हळू होते, आणि जागा मिळाली की बाजूने निघून जाते. बैल आपल्या चालीने चालत राहतात.

लक्षात ठेवा

१. आपल्याला दुसरा दिसतो, म्हणून त्याला आपण दिसतो असे नाही.
२. वेग दुप्पट, तर ब्रेकनंतरचे अंतर चौपट.
३. मागे तांबडी, बाजूला पिवळी, पुढे पांढरी पट्टी.
४. उजेड जेवढा, वेग तेवढाच.
५. मदतीला १०८.

शब्दांचे अर्थ

साइडपट्टी: डांबराच्या कडेची मातीची किंवा मुरुमाची पट्टी.
उचल: कामाआधी घेतलेले पैसे.
अदमासे: अंदाजाने.
निष्णात: कामात तरबेज.

विचार करा आणि सांगा

१. गाडीवानाला असे का वाटले की, तो फटफटीवाल्याला दिसत आहे?
२. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला थांबायला किती पावले लागतात?
३. फळीवर लावलेली पट्टी ऊस भरल्यावर का दिसत नाही? त्यावर उपाय काय?
४. गुरुजींच्या दोन चुका कोणत्या?
५. तुमच्या गावच्या सडकेवर धोक्याची जागा कोणती आहे? तिच्याविषयी ग्रामसभेसाठी पाच ओळींचा अर्ज लिहा.